राज्य लेकीचे, घर लेकाचे



भोपाळ शहरात साकेत नगर नावाची एक वसाहत आहे. भेलचा अवाढव्य कारखाना आणि त्याची नोकरवस्ती तेथून जवळ. एम्सचे मोठे रुग्णालय तर या वसाहतीचेच नाव पत्त्यात सांगते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत व इस्पितळांत चाकरीसाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे भोपाळास आली. त्यांत मराठी बोलणारी होती, मल्याळी होती, गोव्याची होती. आणि त्यांत आपल्या ख्रिस्ती धर्माची कुटुंबेही होती. भाड्याच्या खोलीत किंवा सरकारी घरात दिवस काढून, पै पै जमवून त्यांनी अशा वसाहतींतून स्वतःची घरे उभी केली. आता ती पहिली पिढी एकेक करून देवाघरी जात आहे. कफन्याचा खर्च भागतो, महिन्याची मिस्सा होते आणि मग ज्या प्रश्नाचा उच्चार आजवर कोणी केलेला नसतो तो घरात येऊन बसतो: हे घर आता कोणाचे?

बहुतेक ठिकाणी उत्तर आधीच ठरलेले असते. घर मुलाचे. मुलीने एका कागदावर सही करावयाची असते, एवढेच. महाराष्ट्रात त्या कागदास हक्कसोडपत्र म्हणतात. या आठवड्यात आम्हांस त्या सहीविषयी आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. आणि त्यासाठी भोपाळपेक्षा अधिक योग्य गाव आम्हांस सुचत नाही. कारण ज्या गावात आज घर लेकीला मिळत नाही, त्या गावात एके काळी राज्य लेकीला मिळत असे.

१८१९ साली भोपाळचे नवाब नजर मुहम्मद खान यांचा पिस्तुलाची गोळी लागून अकस्मात अंत झाला. मागे राहिली विशीही न ओलांडलेली पत्नी कुदसिया बेगम आणि तान्ही मुलगी सिकंदर. मुलगा नव्हता. दरबारातील पुरुष नातलग गादीवर डोळा ठेवून होते. त्या तरुण विधवेने सर्वांसमक्ष सांगितले की, गादी माझ्या मुलीची आहे आणि ती मोठी होईतो कारभार मी पाहीन. ज्या मोजक्या माणसांनी तिची बाजू उचलून धरली त्यांत शहजाद मसीह नावाचा एक ख्रिस्ती सरदार होता. फ्रान्सच्या बूर्बों घराण्याशी नाते सांगणाऱ्या आणि भोपाळात स्थायिक झालेल्या कुटुंबातील हा गृहस्थ. आपल्या धर्माच्या एका माणसाने त्या वेळी एका मुलीच्या हक्कास खांदा दिला, ही गोष्ट आपण अभिमानाने आठवावी अशीच आहे.

पुढे मार्ग सुखाचा नव्हता. सिकंदरचा विवाह झाल्यावर १८३७ साली तिच्या पतीने, जहांगीर मुहम्मद खान याने, नवाबी हाती घेतली. पत्नी गर्भवती असताना त्याने तिच्यावर तलवार चालविली, असे भोपाळचा इतिहास सांगतो. ती वाचली, पोटातील मूलही वाचले, आणि ती मुलगीच होती. १८४४ साली पती निवर्तल्यावर सिकंदर बेगमेने कारभार हाती घेतला आणि १८६८ पर्यंत तो चालविला. तिच्यानंतर तिची लेक शाहजहान बेगम १९०१ पर्यंत, आणि तिच्यानंतर तिची लेक सुलतान जहान बेगम १९२६ पर्यंत. मधली सात वर्षे सोडली तर १०७ वर्षांचा काळ हा बायकांच्या राज्याचा काळ ठरला. सुलतान जहान बेगमेने मुलींसाठी शाळा काढल्या, आणि १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती त्याच होत्या.

हा इतिहास भोपाळचे लोक अभिमानाने सांगतात आणि त्यांनी सांगावाही. परंतु जरा थांबून पाहिले म्हणजे एक गोष्ट मनास टोचते. लेकीला गादी का मिळाली? नजर मुहम्मदास मुलगा नव्हता. सिकंदरला मुलगा नव्हता. शाहजहान बेगमेच्या मागे उरली ती एकटी सुलतान जहान. जेव्हा सुलतान जहान बेगमेस मुलगे झाले तेव्हा १९२६ साली तिने राज्य सोडले ते धाकट्या मुलासाठी, हमीदुल्ला खान यांच्यासाठी. हमीदुल्लांना तीन मुलीच झाल्या, मुलगा नाही. म्हणून पुन्हा मोठी मुलगी आबिदा सुलतान हिला वारस ठरविले गेले. ती पुढे पाकिस्तानात गेली, आणि १९६० साली हमीदुल्लांचे निधन झाल्यावर दुसरी कन्या साजिदा सुलतान हिला भारत सरकारने वारस मानले. शंभराहून अधिक वर्षांच्या या हकिकतीतून नियम एकच निघतो: भाऊ नसेल तर बहीण वारस. लेकीचा हक्क हा पुत्राच्या अभावी मिळालेला हक्क होता. राणी झालेल्या बायकांच्या नशिबीही लेकीला हक्क मिळण्यासाठी आधी पाळणा मुलाविना रिकामा राहावा लागे.

पवित्र शास्त्रातही अशीच एक गोष्ट आहे आणि ती आपण सहसा ऐकत नाही. गणनाच्या पुस्तकात सलाफहाद नावाच्या गृहस्थाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दारी मोशेपुढे उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नव्हता एवढ्यावरून त्याचे नाव का पुसले जावे, आम्हांला वाटा द्या, असे त्यांचे म्हणणे. मोशेने हे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले, आणि मुलींचे म्हणणे योग्य आहे असा कौल मिळाला. त्या काळाच्या मानाने हे केवढे धैर्य आणि केवढा न्याय! तरी येथेही अट तीच: मुलगा नसेल तर मुलीला.

परंतु शास्त्र तेथेच थांबत नाही. ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट आपण वाचावा. सर्वस्व गमावलेल्या त्या भल्या माणसाला देव पुन्हा भरभरून देतो. त्याला सात मुलगे आणि तीन मुली होतात. विशेष असे की, शास्त्र मुलग्यांची नावे सांगत नाही. मुलींची सांगते: यमीमा, कसीया, केरेनहप्पूक. आणि पुढे एक छोटीशी नोंद करते की, त्यांच्या बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले. भाऊ नव्हते म्हणून नव्हे, सात भाऊ असताना. ज्याने दुःख पाहिले, ज्याला घरात रिकामेपण म्हणजे काय हे कळले, त्याने पुन्हा मिळालेल्या संपत्तीची वाटणी करताना लेकीला वेगळे काढले नाही. आमच्या मते स्त्रीपुरुषांच्या समतेची खरी कसोटी येथे आहे. भाऊ नसताना बहिणीला देणे ही निरुपायाची गोष्ट. भाऊ असताना देणे हा न्याय.

आपल्या देशाचा कायदा याबाबत काय म्हणतो ते प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबास ठाऊक असावयास हवे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मुलगा व मुलगी यांत भेद केलेला नाही. एक साधे उदाहरण घेऊ. बाप गेला, मागे आई, एक मुलगा व दोन मुली राहिल्या. मिळकतीचे नऊ भाग करावेत. एक तृतीयांश, म्हणजे तीन भाग, आईचे. उरलेल्या सहांपैकी दोन मुलाचे, दोन थोरल्या मुलीचे, दोन धाकटीचे. मुलगी विवाहित की अविवाहित, जवळ राहते की दूर, हा प्रश्नच कायदा विचारीत नाही. आपल्या हिंदू बांधवांच्या बाबतीत वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली केली. ख्रिस्ती मुलीला समान वाट्याचा कायदा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तो सर्वत्र सहज लागू झाला, असेही नाही. त्रावणकोरातील ख्रिस्ती लोकांसाठी १९१६ चा वेगळा कायदा होता. मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. मेरी रॉय या कोट्टायमच्या शिक्षिकेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तिला भाऊ होता. म्हणजे प्रश्न नेमका तोच होता. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, १९५१ पासूनच तो जुना कायदा संपुष्टात आलेला असून तेथील ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चा कायदा लागू आहे. या निर्णयाने आनंद झाला तसा संतापही झाला. घरे मोडतील, कर्जे बुडतील, बहीणभाऊ वैरी होतील, अशी ओरड ख्रिस्ती समाजातूनच उठली. मेरी रॉय २०२२ साली निवर्तल्या. घरे काही मोडली नाहीत. मोडला तो एक समज, की लेकीने गप्प राहिले तरच घर टिकते.

कायद्यात अजून उणिवा नाहीत असे मात्र नाही. १९२५ च्या त्याच कायद्याने असे लिहून ठेवले की, मूलबाळ न होता मुलगा वा मुलगी निवर्तली आणि बाप हयात असला, तर पत्नी वा पतीचा वाटा वजा जाता राहिलेले बापाला मिळावे. आईला काही नाही. बाप नसेल तर आईला मिळावे, परंतु मृताच्या भावाबहिणींबरोबर वाटून. नऊ महिने पोटात वागविणाऱ्या मातेला अपत्याच्या मागे हा मान! २०१४ साली विधी आयोगाने आपल्या २४७ व्या अहवालात हा भेद दूर करण्याची शिफारस केली. मातेला मखरात बसविणाऱ्या आपल्या समाजाने या शिफारशीसाठी आवाज उठविणे हे आपले कर्तव्यच होय.

दुसरीही एक वाट आहे. या कायद्याप्रमाणे बाप मृत्युपत्र करून सर्व मिळकत एकट्या मुलास देऊ शकतो. गोव्यात तसे करता येत नाही. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे आईबापांस आपल्या मिळकतीचा अर्धा भाग मुलामुलींसाठी राखून ठेवावाच लागतो आणि त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस असते. कायदा असा असला म्हणजे बापाच्या लोभाला वा मोहाला लगाम बसतो. पण सहीला कोण लगाम घालणार? कायद्याने दिलेले ओंजळीत पडण्यापूर्वीच काढून घेण्याची युक्ती माणसाने फार पूर्वी शोधून ठेवली आहे.

ती युक्ती हीच: हक्कसोडपत्र. दस्त नोंदला गेला, फेरफार झाला, सातबाऱ्यावरून किंवा घराच्या उताऱ्यावरून लेकीचे नाव उतरले, की पुढे कोर्टाची पायरी चढूनही फार काही हाती लागत नाही. आणि ही सही कधी घेतात? बापाच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना. डोळ्यांतले पाणी वाळण्यापूर्वी. कोणी जबरदस्ती करीत नाही. फक्त म्हणतात, “ताई, येथे एक सही कर, वारसनोंदीला लागते.” ती वाचीत नाही. वाचणे म्हणजे भावावर अविश्वास दाखविणे, असे तिला लहानपणापासून शिकविलेले असते. ज्या बहिणीने वाचले आणि विचारले, ती लोभी ठरते. ज्या भावाने सर्व घेतले, तो मात्र कर्ता ठरतो. शब्दांचा हा उलटा बाजार आपण केव्हा बंद करणार?

मुलाच्या बाजूने तीन कारणे नेहमी सांगितली जातात. त्यांचा विचार न करता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिले कारण: तिच्या लग्नात खर्च केला. परंतु मुलाच्या लग्नात मांडव घातला नव्हता काय? त्याच्या शिक्षणाची फी वाट्यातून वजा झाली काय? हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याने दिलेला पैसा न्यायाच्या हिशेबात कसा धरावा? शिवाय तो पैसा गेला सासरच्या घरी, लेकीच्या हाती नव्हे. दुसरे कारण: आईबापांना मुलगा सांभाळतो. जो सांभाळतो त्याच्या श्रमाचे मोल व्हावेच, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु मग मोजमाप सरळ करावे. इस्पितळात आईच्या उशाशी रात्री जागणारी बहुधा लेक असते किंवा सून असते, आणि वारसा सांगताना दोघींपैकी एकीचेही नाव निघत नाही. तिसरे कारण सर्वांत जड: वाटा मागितला तर माहेर तुटते. या कारणापुढे बहुतेक बहिणी हरतात. सणाला दारी उभे राहण्याची मुभा राहावी, आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला भावाशेजारी बसता यावे, म्हणून त्या घर देऊन टाकतात आणि चोळीबांगडीवर समाधान मानतात. परंतु जे माहेर सही दिली तरच उघडे राहते, ते माहेर की भाड्याचे घर?

या सहीची किंमत पुढे किती मोजावी लागते, याचा थोडासा अंदाज विद्वानांनी केलेल्या पाहणीवरून येतो. प्रदीप पांडा व बीना अग्रवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील विवाहित स्त्रियांची पाहणी करून ती २००५ साली प्रसिद्ध केली. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर जमीन व घर दोन्ही होते, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. या आकड्यांचा अर्थ समजावयास मोठी बुद्धी नको. जिला परत जाण्यास एक दार आहे, तिच्यावर हात उगारताना माणूस विचार करतो. जिला दार नाही, तिला पोलीस, पंचायत, धर्मगुरू सगळेच सांगतात, “बाई, जमवून घे.”

आणि नुकसान केवळ त्या एका बाईचे नाही. देशातील शेतजमिनीच्या वहिवाटदारांत बायकांचे प्रमाण २०१५-१६ च्या कृषिगणनेत सुमारे १४ टक्के होते. शेतात राबणाऱ्या बायका मात्र त्याच्या कितीतरी पट. नाव नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सुधारणा नाही. हे ओळखूनच शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी १९८९ च्या सुमारास महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि नवऱ्यांनी आपणहून काही जमीन बायकोच्या नावे करावी असे सांगितले. कित्येक गावांतील शेतकऱ्यांनी ते केलेही. आमच्या खेड्यातील साधा शेतकरी जे करू शकला, ते शहरातील शिकल्यासवरल्या कुटुंबांस का जमू नये?

याहून खोल जखम आणखी एक आहे. जी वारस नाही ती खर्चाची बाब ठरते. आणि खर्चाची बाब जन्मालाच येऊ नये असे वाटणारी माणसे निघतात. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. मध्य प्रदेशात ९१८. गर्भातील जिवाची हत्या हे महापाप आहे असे आपण वेदीवरून सांगतो, आणि ते खरेच आहे. परंतु त्या पापाचे बी ज्या घरात पेरले जाते, त्या घरातील वाटणीच्या कागदाविषयी आपण बोलत नाही. बी तसेच ठेवून रोप उपटीत बसण्याने शेत स्वच्छ होत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या लेखात लिंगभेदावर आधारलेला पक्षपात देवाच्या योजनेविरुद्ध असल्याचे स्पष्ट केले. भारतातील कॅथॉलिक महागुरूंच्या परिषदेने २०१० साली स्त्रीपुरुष समतेविषयीचे धोरणच जाहीर केले. संत पौलाने ख्रिस्तात स्त्री व पुरुष हा भेद उरत नाही असे गलतीकरांस कळविले, त्याला तर दोन हजार वर्षे होत आली. तेव्हा आपल्याजवळ उणीव शिकवणुकीची नाही. उणीव आहे ती त्या शिकवणुकीला घराचा उंबरठा ओलांडून कपाटातील कागदांपर्यंत येऊ देण्याची.

म्हणून, वाचकहो, आमची विनंती साधी आहे. साकेत नगरात असा, वसईत असा, नागपुरात असा की पुण्यात; ज्यांच्या हातात आज घर आहे त्या आईबापांनी डोळे उघडे असताना, बुद्धी शाबूत असताना मृत्युपत्र करावे आणि त्यात मुलगा व मुलगी यांना एका तराजूत तोलावे. कोणी अधिक सेवा केली असेल, कोणी अपंग वा निराधार असेल, तर अधिक द्यावे; पण ते सेवेला वा गरजेला द्यावे, पुरुषपणाला नव्हे. भावांनी बापाच्या मृत्यूनंतर बहिणीपुढे कागद ठेवण्याऐवजी हिशेब ठेवावा: एवढे आहे, त्यात तुझे एवढे. त्यानंतर तिने स्वखुशीने काही सोडले तर तो तिचा दानधर्म. न सांगता सोडविले तर ती चोरी होय, आणि सातवी आज्ञा सख्ख्या बहिणीलाही लागू आहे. बहिणींनी सही करण्यापूर्वी वाचावे, आणि न समजल्यास वकिलास विचारावे. यात पाप नाही, भावाचा अपमानही नाही. आणि आमच्या धर्मगुरूंनी विवाहपूर्व शिबिरांत वधूवरांना जसे प्रार्थनेचे व संयमाचे धडे द्यावेत, तसा या नऊ भागांच्या हिशेबाचाही एक धडा द्यावा.

देवाच्या घरी लेकीसाठी वेगळा दरवाजा नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती जशी भावाबरोबर देवाची वारस झाली, तशीच ती बापाच्या घराची वारस आहे. पुढच्या वेळी आपल्या घरात असा कागद निघेल तेव्हा लेखणी तिच्या हाती देण्यापूर्वी आपण स्वतः तो एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. जो कागद बहिणीसमोर मोठ्याने वाचवत नाही, त्यावर तिची सही मागू नये.